मुखकर्करोगाची शोधतपासणी
कोणतीही तक्रार नसलेल्या व्यक्तीचे तोंड ठरावीक क्रमाने न्याहाळून कर्करोगाची किंवा त्याच्या पूर्वावस्थेची चिन्हे शोधून काढण्याच्या पद्धतीस मुखकर्करोगाची शोधतपासणी म्हणतात. ओठ, गालांची आतील बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, टाळू व घशाचे प्रवेशद्वार ही स्थाने प्रकाशात पाहणे आणि अखेरीस मान व जबड्याखालच्या लसीका ग्रंथी बोटांनी चाचपणे, एवढीच ही क्रिया होय. तिला दंतवैद्याचा छोटा आरसा, प्रकाशाचे साधन, हातमोजे व गॉजचा तुकडा यांपलीकडे काही लागत नाही आणि सरावलेल्या हाताला पाच मिनिटेही पुरतात. दंतवैद्याकडे दात दाखविण्यास आलेल्या रुग्णाचे संपूर्ण तोंड याच बैठकीत पाहून घ्यावे, हे तत्त्व दंतवैद्यकात सर्वमान्य आहे. महाराष्ट्रात या तपासणीचा जो इतिहास घडला, तो मात्र दंतवैद्याच्या खुर्चीपेक्षा खेड्यातील घरांच्या ओसरीवर अधिक घडला.

शरीराच्या आत खोल उद्‌भवणाऱ्या कर्करोगांचा आरंभ रुग्णाला व वैद्याला दिसत नाही. मुखकर्करोगाचे तसे नाही. तो डोळ्यांना दिसणाऱ्या व बोटाला लागणाऱ्या पृष्ठावर वाढतो आणि बहुधा त्याआधी काही वर्षे त्याच जागी खूण उमटलेली असते. पुसून न निघणारा पांढरा चट्टा म्हणजे ल्यूकोप्लेकिया, त्याहून अधिक धोक्याचा मखमली लाल चट्टा आणि श्लेष्मकलेखालील ऊतक ताठर होत जाऊन तोंड उघडेनासे होण्याचा सबम्यूकस फायब्रोसिस हा विकार, या तिच्या प्रमुख पूर्वावस्था होत. या शेवटच्या विकारात तिखट खाताच तोंडाची आग होते आणि पुढे तीन बोटे उभी करून तोंडात घालता येत नाहीत. एवढे सर्व उघड असूनही भारतातील बहुसंख्य रुग्ण रोग गाठींपर्यंत किंवा जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचल्यावरच रुग्णालयात येतात. याचे एक कारण अगदी साधे आहे : आरंभीची जखम दुखत नाही, आणि न दुखणारे तोंड दाखविण्यास कोणी जात नाही.

तंबाखूचा दख्खनमधील प्रवेश पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत झाला. १६०४–०५ च्या सुमारास असद बेग हा मोगल वकील विजापूरहून परतताना अकबरासाठी तंबाखू घेऊन गेला, ही नोंद प्रसिद्ध आहे. उत्तरेकडे अपूर्वाईची वस्तू म्हणून गेलेला हा पदार्थ आदिलशाही मुलखात त्यापूर्वीच रुळला होता, असे यावरून दिसते. विड्याची व सुपारीची चाल त्याहून पुष्कळ जुनी. सुश्रुतसंहितेत मुखरोगांचे ६५ प्रकार सांगितले आहेत व त्यांतील काही वर्णने आजच्या कर्करोगाशी जुळविण्याचा मोह अनेकांना झाला आहे. परंतु एकेका श्लोकाच्या आधारे निदान करणे धाडसाचे ठरेल. तंबाखू विड्यात शिरल्यानंतर तिने मराठी मुलखात अनेक रूपे घेतली. चुन्याबरोबर मळून गालात धरावयाचा बार, चंचीतील पान-सुपारी, विडी, तपकीर, भाजलेल्या तंबाखूची मशेरी आणि अलीकडच्या काळातील मावा, खर्रा व गुटखा ही त्यांतील प्रमुख होत. मशेरीचा उल्लेख येथे मुद्दाम केला पाहिजे. दात घासण्याचे साधन म्हणून ती स्त्रियांत पसरली. त्यामुळे तिला व्यसन मानले गेले नाही, आणि तंबाखू खाता का, या प्रश्नाला मशेरी लावणारी स्त्री प्रामाणिकपणे नाही असेच उत्तर देते.

विडा व गालाचा कर्करोग यांतील संबंध भारतात काम करणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या ध्यानात विसाव्या शतकाच्या आरंभीच आला होता. मद्रास येथील डब्ल्यू. जे. निब्लॉक यांनी १९०२ मध्ये आणि त्रावणकोर भागातील आय. एम. ऑर यांनी १९३३ मध्ये त्यासंबंधी लिहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाल्यावर या निरीक्षणांना मोठा आधार मिळाला. तेथील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी कर्करोगाकडे लोकांच्या चालीरीतींच्या संदर्भात पाहण्याचा परिपाठ घातला. कोणत्या प्रदेशातील, कोणत्या समाजातील माणसाला तोंडाच्या नेमक्या कोणत्या भागी रोग होतो आणि तेथे तो काय ठेवतो, हा त्यांचा प्रश्न होता. १९५५ मध्ये ल. ध. संघवी, के. सी. एम. राव व खानोलकर यांनी धूम्रपान व तंबाखू चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध आकडेवारीने दाखविला. पुढच्याच वर्षी जे. सी. पेमास्टर यांनी गालाच्या श्लेष्मकलेच्या कर्करोगाच्या ६५० भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गालाच्या आतील एकाच पृष्ठाच्या रोगाचे एवढे रुग्ण एका अभ्यासास मिळावेत, ही गोष्टच रोगाच्या व्याप्तीविषयी पुरेशी बोलकी होती. सबम्यूकस फायब्रोसिसचे वर्णनही याच सुमाराचे आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्‌झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत तो नोंदविला व १९५३ मध्ये मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी त्याला हे नाव दिले.

हे सर्व ज्ञान रुग्णालयात आलेल्या, म्हणजे उशीर झालेल्या, रुग्णांपासून मिळालेले होते. पांढरा चट्टा असलेल्या किती जणांना पुढे कर्करोग होतो, हे रुग्णालयात बसून कळणे शक्य नव्हते; त्यासाठी निरोगी माणसांची तोंडे पाहणे आवश्यक होते. हे काम मुंबईतील दंतवैद्य फली एस. मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. मुंबईच्या पोलिसांची तपासणी हा त्यांच्या आरंभीच्या अभ्यासांपैकी एक होय. पोलीस ही शिस्तीत असलेली, एका ठिकाणी सापडणारी व वर्षानुवर्षे नोकरीत राहणारी माणसे; त्यामुळे दहा वर्षांनंतर त्याच व्यक्तींची तोंडे पुन्हा पाहता आली. या अभ्यासाचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. गुजरातेतील ५७,५१८ औद्योगिक कामगारांचा असाच एक मोठा अभ्यास दुसऱ्या एका संशोधक गटाने १९७६ मध्ये प्रसिद्ध केला.

मेहता यांचे अधिक मोठे काम टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतवैद्यकीय संशोधन विभागातर्फे झाले. अणुविज्ञान व गणित यांसाठी ख्यातनाम असलेल्या संस्थेत दातांच्या वैद्यांचा एक विभाग असावा, याचे नवल वाटते. परंतु नमुना निवडीचे शास्त्र व आकडेमोड यांची त्या कामाला असलेली गरज पाहता ही जोडी अयोग्य नव्हती. कोपनहेगन येथील दंतविकृतिवैज्ञानिक येन्स पिंडबोर्ग, तसेच पी. सी. गुप्ता व डी. के. दफ्तरी हे या कामात त्यांचे सहकारी होते. १९६६ पासून दंतवैद्यांच्या तुकड्या एर्नाकुलम, श्रीकाकुलम, भावनगर, सिंगभूम व दरभंगा या जिल्ह्यांतील निवडलेल्या खेड्यांत घरोघर गेल्या. ५०,९१५ ग्रामस्थांच्या तपासणीचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात याच पद्धतीने पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १,०१,७६१ व्यक्ती तपासण्यात आल्या व त्याचा वृत्तांत १९७२ मध्ये आला. एका जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक खेडुतांची तोंडे प्रशिक्षित दंतवैद्यांनी पाहिली, अशी उदाहरणे जगातही विरळाच.

या पाहण्यांतून तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली म्हणजे रोगाची जागा सवयीप्रमाणे बदलते. श्रीकाकुलमकडे चिरूटाचे जळते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत असल्याने तेथे टाळूवर विकृती दिसल्या, तर जेथे विडा किंवा तंबाखू गालात धरतात तेथे गालाची आतील बाजू व तिच्या खालची खोबण प्रथम पाहावी लागते. दुसरी गोष्ट अशी की, तीन जिल्ह्यांतील सु. ३०,००० व्यक्तींचा दहा वर्षे मागोवा घेतला असता नव्याने झालेले जवळजवळ सर्व कर्करोग आधी कोणती ना कोणती पूर्वावस्था असलेल्या तोंडांत व तंबाखू वापरणाऱ्यांतच उद्‌भवले. हा निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. शोधतपासणीला तात्त्विक आधार मिळाला तो येथे. कारण पाहण्याजोगे काहीतरी अगोदर असते, हे त्यामुळे सिद्ध झाले. तिसरी गोष्ट उपचाराविषयीची आहे. ३६,००० तंबाखू सेवकांना समक्ष समजावून, चित्रपट, पत्रके व आकाशवाणी यांच्या साहाय्याने सवय सोडण्यास प्रवृत्त केल्यावर पाच वर्षांत पांढऱ्या चट्ट्यांचे नवे प्रमाण कमी झाल्याचे १९८६ मध्ये दाखविण्यात आले. म्हणजे तपासणारा माणूस तोंड पाहता पाहता जे चार शब्द बोलतो, तेही उपचारच ठरतात.

तपासणी कोणी करावी, हा प्रश्न यानंतर पुढे आला. दंतवैद्य हा त्यासाठी सर्वांत योग्य, यात शंका नाही. क्यूबाने १९८० नंतरच्या दशकात दंतवैद्यांमार्फत सर्व प्रौढांची नियमित मुखतपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. आरंभीच्या अवस्थेत सापडणाऱ्या रोग्यांचे प्रमाण त्यामुळे वाढले. परंतु तज्ञाकडे धाडलेल्यांपैकी पुष्कळ जण तेथे पोहोचलेच नाहीत. भारतात अडचण त्याही आधीची होती. १९४८ च्या दंतवैद्यक अधिनियमानंतर शिक्षणाला शिस्त आली, पण दंतवैद्य शहरांत राहिले. खेड्यातील मनुष्य दात सळसळू लागल्यावर किंवा सुज आल्यावर बाजाराच्या गावी जाई, दात काढून घेई व परत येई. दुखरी दाढ पाहणाऱ्याने समोरच्या गालाकडे पाहिलेच असेल, याची खात्री नसे. हिरडीतील कर्करोगाने दात हलू लागतात. असा दात नुसता उपटला, तर जखम भरत नाही आणि ती भरण्याची वाट पाहण्यात मोलाचे महिने जातात. दात काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम संशयास्पद मानून तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, हा नियम अशा अनुभवांतून आला आहे.

यावर तोडगा म्हणून तपासणीचे काम आरोग्यसेवकांना शिकविता येईल का, हे अजमावण्यात आले. श्रीलंकेत १९८४ मध्ये आणि केरळात मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनुभवांवरून ते शक्य असल्याचे दिसून आले. निर्णायक पुरावा तिरुवनंतपुरम जिल्ह्यातून मिळाला. तेथे १९९६ पासून तेरा ग्रामपंचायती चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून सात ठिकाणी प्रशिक्षित सेवकांनी ठरावीक काळाने तोंडे तपासली व सहा ठिकाणी नेहमीचीच व्यवस्था ठेवली. आर. शंकरनारायणन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीमुळे सु. एक-तृतीयांशाने घटले. सर्व लोकसंख्या एकत्र धरता मात्र फरक निश्चितपणे सांगण्याएवढा नव्हता. संशय आलेल्यांपैकी डॉक्टरांकडे गेले ते सु. ६३ टक्के. या दोन आकड्यांत या विषयाचे बळ व दुबळेपणा दोन्ही सामावले आहेत.

मराठवाड्यात हा प्रश्न अंतराच्या रूपाने पुढे येतो. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील रुग्णांचा ओढा साहजिकच हैदराबादकडे असे. नांदेड जिल्ह्यातील मुदखेड हे त्याचे चांगले उदाहरण आहे. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील या स्थानकातून आदिलाबादकडे फाटा जातो. येथून मुंबई लोहमार्गाने सहाशे किमी.हून अधिक दूर, तर हैदराबाद त्याच्या निम्म्याहून जवळ आहे. हैदराबादला १९५५ मध्ये मेहदी नवाज जंग यांच्या नावाची रेडियम संस्था व कर्करोग रुग्णालय सुरू झाले. त्यामुळे भाषावार प्रांतरचनेनंतर राज्य बदलले, तरी गाल कापून घेण्यासाठी जावयाचे गाव पुष्कळांच्या बाबतीत बदलले नाही. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय (१९७४), औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, शासकीय दंत महाविद्यालय (१९८२) आणि नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९८८) या संस्थांमुळे विभागातच निदानाची सोय झाली. पुढे नांदेड व लातूर येथे खाजगी दंत महाविद्यालयेही निघाली आणि लातूरच्या विवेकानंद रुग्णालयाने कर्करोगोपचार सुरू केले.

मुदखेड येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. दलात भरती होणाऱ्या तरुणाचे दात वैद्यकीय तपासणीत पाहिले जातात. पोलिसांच्या ज्या नियमबद्ध जीवनाचा मुंबईच्या संशोधकांना उपयोग झाला, तेच येथेही आहे. त्याच गावातील हमाल, फुलशेती करणारा शेतकरी किंवा बारड, मुगट यांसारख्या आसपासच्या गावांतून मोंढ्यावर येणारा मजूर यांच्या तोंडात मात्र काही दुखल्याखेरीज कोणी डोकावत नाही. तंबाखूचा वापर अशा कष्टकऱ्यांतच जास्त. भूक मारण्यास व थकवा विसरण्यास बार भरला जातो आणि तो नेहमीच्याच बाजूला, एकाच खोबणीत ठेवला जातो. दंतवैद्याच्या नियमित भेटीवर आधारलेली योजना ज्यांना सर्वांत कमी धोका त्यांनाच प्रथम गाठते, हा तिचा मूलभूत दोष होय.

नोंदणीच्या क्षेत्रात या भागाजवळच एक महत्त्वाचे काम झाले. भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ मध्ये मुंबईत कर्करोग नोंदणी सुरू केली होती आणि पुढे पुणे, औरंगाबाद व नागपूर या शहरांतही ती पद्धत नेली. ही सर्व शहरे होत. १९८७ मध्ये बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात देशातील पहिली ग्रामीण नोंदणी कस्तुरी जयंत यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाली. तिच्या क्षेत्रात बार्शीबरोबर परांडा व भूम हे मराठवाड्यातील तालुकेही होते. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते. बार्शीत ते शक्य नव्हते, कारण अनेक रुग्ण रुग्णालयात न जाताच मरत. म्हणून नोंदणीचे सेवक गावोगाव फिरत, शिक्षक, पाटील व वैद्य यांना भेटत, रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयितांना रुग्णालयात आणत. मोजण्यासाठी निघालेली ही माणसे अशा रीतीने तपासणीही घडवून आणू लागली. पुढे उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा जो प्रचंड प्रयोग झाला व ज्याचे निष्कर्ष २००९ मध्ये जगभर गाजले, त्याची पूर्वतयारी या फिरतीत झाली होती.

तंबाखूविरोधी उपायही याच काळात झाले. विडा व तंबाखू एकत्र घेणे कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये जाहीर केले आणि २००४ मध्ये तंबाखूविरहित सुपारीलाही तेच लावले. हा दुसरा निर्णय महाराष्ट्रात अद्याप पुरेसा पटलेला दिसत नाही. सुपारी अजूनही निरुपद्रवी मानली जाते. गुटख्यावर राज्याने २००२ मध्ये घातलेली बंदी न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे ती पुन्हा घालण्यात आली, तरी चोरटी विक्री थांबलेली नाही आणि सुटी सुपारी व तंबाखू वेगवेगळी विकून तोच पदार्थ गिऱ्हाइकाला हातावर करून घेता येतो. २०२० सालच्या अंदाजानुसार ओठ व मुख यांच्या कर्करोगाचे जगात सु. ३·७८ लाख नवे रुग्ण झाले आणि त्यांपैकी सु. १·३६ लाख भारतातील होते.

केंद्र शासनाने २०१६ मध्ये मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी लोकसंख्याधिष्ठित तपासणीचा आराखडा काढला. त्यानुसार तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांचे तोंड पाच वर्षांतून एकदा प्रशिक्षित सेवकाने पाहावे, अशी योजना आहे. आशा कार्यकर्ती घरी जाऊन सवयींची व तोंडातील चट्टे-जखमांची विचारपूस करून प्रपत्र भरते, आणि उपकेंद्रात परिचारिका तोंड पाहते. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यभर मुख आरोग्य तपासणीची मोहीम घेतली. दंत महाविद्यालयांची शिबिरे व ग्रामीण रुग्णालयांतील दंत शल्यचिकित्सक यांचाही या साखळीत भाग असतो. तालुक्याच्या ठिकाणी संशयित चट्टा सापडला, तर जीवोतक परीक्षेसाठी रुग्णास जिल्ह्याच्या गावी पाठवितात. निदान पक्के झाल्यास शस्त्रक्रिया व किरणोपचार यांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्चाची तरतूद होऊ शकते. गाठ दोन सेंमी.हून लहान असता केवळ शस्त्रक्रियेने भागण्याची शक्यता बरीच असते. जबडा व मानेतील ग्रंथी गुंतल्यावर शस्त्रक्रिया व किरणोपचार दोन्ही करावे लागतात आणि बोलणे व गिळणे पूर्ववत होण्याची शाश्वती उरत नाही.

या साखळीतील सर्वांत नाजूक दुवा पहिल्या दोन कड्यांमधील आहे. न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी मजुरी बुडवून, गाडीभाडे खर्चून जिल्ह्याच्या गावी एकदा तुकडा देण्यास व एकदा अहवाल आणण्यास जाणे रोजंदारीवरील मनुष्याला जड जाते. त्यात कर्करोग हा शब्द ऐकताच घरातील माणसे तो लपवू पाहतात. बार्शीच्या सेवकांनी ही अडचण ओळखून संशयिताला स्वतः सोबत नेण्याची पद्धत ठेवली होती. २०१६ च्या आराखड्यात पुढे धाडलेल्या व्यक्तीचा पाठपुरावा करण्याचे काम आशा कार्यकर्तीकडे सोपविलेले आहे.